जिंकत आलेला डाव हातातून का जातो? दिव्या देशमुखच्या वेगवान बुद्धिबळातून दुकानदाराने काय घ्यावं



दुपारी अडीच ते चार आमच्या दुकानात शुकशुकाट असतो. ऊन उतरल्याशिवाय खेड्यातलं गिऱ्हाईक केजला येत नाही. तेवढ्या वेळात मी मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळतो. परवा एका डावात माझ्याकडे वजीर होता, समोरच्याकडे नुसता हत्ती आणि दोन प्यादी. तरी मी हरलो. वजिराने मात कशी करायची ते शोधत बसलो आणि घड्याळ शून्यावर आलं. दुकानातला पोरगा मागून बघत होता. म्हणाला, "दादा, जिंकत होते ना तुम्ही?"

हो रे बाबा, जिंकत होतो. पण जिंकत असणं आणि जिंकणं यात फरक असतो, आणि तो फरक मला बुद्धिबळाच्या आधी धंद्याने शिकवलाय. त्याचं सांगतो पुढे.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी नागपूरच्या दिव्या देशमुखबद्दल बोललो. व्हिडिओत सगळं मावलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. दिव्याचं नाव घेऊन जो तो सांगतो की "फटाफट निर्णय घ्या, घाबरू नका". मला वाटतं तिच्याकडून शिकायची गोष्ट ही नाहीच. तिची खरी ताकद वेळ खर्च करण्यात आहे. आणि तिची कमजोर बाजू डाव संपवण्यात आहे, जी तिने स्वतः जिंकल्यावर बोलून दाखवली. दुकानदाराने या दोन्ही गोष्टी बघायला पाहिजेत.

आधी घड्याळ समजून घ्या

ज्यांना बुद्धिबळाचं घड्याळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या स्पर्धांत रॅपिड प्रकारात बहुतेक वेळा प्रत्येकाला 15 मिनिटं मिळतात आणि केलेल्या प्रत्येक चालीमागे 10 सेकंद वाढवून मिळतात. ब्लिट्झमध्ये 3 मिनिटं आणि चालीमागे 2 सेकंद.

हिशोब करून बघा. 60 चालींचा रॅपिड डाव झाला तर 15 मिनिटं आणि वरची 600 सेकंद, म्हणजे एका खेळाडूला एकूण 25 मिनिटं. ब्लिट्झमध्ये तेवढ्याच चालींना फक्त 5 मिनिटं. सुरुवातीची मिनिटं हे तुमचं भांडवल समजा आणि चालीमागे मिळणारी सेकंदं हा रोजचा गल्ला. भांडवल आधीच उडवलं तर मग प्रत्येक चाल त्या 10 सेकंदांत करायची. जगता येतं, पण विचार करता येत नाही. ज्याने उसनवारीवर दुकान ढकललंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

2020 चा चटका

लॉकडाऊनच्या वर्षी बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड ऑनलाइन झालं. प्रत्येक संघात सहा पाट. दोन पुरुष, दोन महिला, एक ज्युनियर मुलगा, एक ज्युनियर मुलगी. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी, आणि ज्युनियर मुलींच्या पाटावर खेळणाऱ्यांत नागपूरची दिव्या. वय 14.

30 ऑगस्ट 2020 ला रशियाशी फायनल होती. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत इंटरनेटमध्ये जगभर बिघाड झाला, त्यात निहाल सरीन आणि दिव्या या दोघांचं कनेक्शन गेलं आणि दोघांचेही डाव वेळ संपल्यामुळे हरल्याचे धरले गेले. भारताने दाद मागितली. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक जाहीर केलं.

आपण बीडचे लोक. लाईट जाणं, रेंज जाणं आपल्याला नवीन नाही. पण 14 वर्षांच्या पोरीने देशासाठी खेळताना स्क्रीन गोठलेली बघायची आणि वेळ संपून जायची, हे सोपं नाही. तिथे तिची चूक काहीच नव्हती. पण घड्याळ कुणाची चूक आहे ते बघत नाही. ते चालत राहतं. बँकेच्या हप्त्याची तारीखही अशीच चालत येते, तुमचं गिऱ्हाईक पैसे देवो न देवो.

पुढची पाच वर्षं

त्यानंतरची तिची वाट बघा. 2022 मध्ये महिलांची राष्ट्रीय विजेती. 2023 मध्ये आशियाई विजेती. त्याच वर्षी कोलकात्यात टाटा स्टील स्पर्धेत महिलांचा रॅपिड प्रकार तिने जिंकला. मानांकनात ती शेवटची होती आणि त्याच स्पर्धेत विश्वविजेती जू वेनजुन खेळत होती. 2024 मध्ये गांधीनगरला 20 वर्षांखालील मुलींची विश्वविजेती. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये तिसऱ्या पाटावर 11 पैकी साडेनऊ गुण, पाटाचं वैयक्तिक सुवर्ण आणि संघाचंही सुवर्ण.

जून 2025 मध्ये लंडनला सांघिक ब्लिट्झमध्ये तिने हौ यीफानला हरवलं. हौ यीफान म्हणजे चार वेळची विश्वविजेती आणि तेव्हा महिलांच्या क्रमवारीत एक नंबर. आणि जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिलांचा वर्ल्ड कप.

या वर्ल्ड कपची एक गोष्ट बातम्यांत फारशी ठळक आली नाही. शेवटच्या चार सामन्यांपैकी तीन तिने वेगवान डावांत जिंकले. दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर, मग आपली हरिका द्रोणवल्ली, आणि फायनलला कोनेरू हंपी. तिन्ही वेळा संथ डावांत बरोबरी झाली आणि निकाल रॅपिड टायब्रेकमध्ये लागला. फक्त सेमीफायनलला माजी विश्वविजेती तान झोंगयीला तिने संथ डावात हरवलं, तेही 101 चाली खेळून.

म्हणजे ती रॅपिडमध्ये अडकली की घाबरत नाही, उलट तिथे तिचं पारडं जड होतं. समोर कोण होतं बघा. हंपी रॅपिडची दोन वेळची विश्वविजेती, 2019 आणि 2024. ती ग्रँडमास्टर झाली 2002 साली, तेव्हा दिव्याचा जन्मसुद्धा झाला नव्हता.

28 जुलैला दिव्याने तो सामना जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. एरवी या किताबासाठी तीन नॉर्म आणि 2500 रेटिंग लागतं. तिच्याकडे त्या दिवसापर्यंत एकही नॉर्म नव्हता. भारताची 88 वी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये चौथी.

"हंपी चुकली म्हणून जिंकली" हे मला पटत नाही

फायनलनंतर आमच्या चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "नशीब होतं हो. हंपीनं घाईत चूक केली म्हणून निघालं."

चूक झाली हे खरं. टायब्रेकच्या दुसऱ्या डावात हंपीकडे पांढरी मोहरी होती, वेळ संपत आली होती आणि त्या ताणात तिच्या हातून चूक झाली. पण मला विचाराल तर प्रश्न असा आहे की वेळ का संपत आली?

दिव्याची शैली आक्रमक म्हणतात. आक्रमक म्हणजे सारखी शह देत सुटते असं नाही. ती स्थिती गुंतागुंतीची ठेवते. सोपी बरोबरी समोर असली तरी खेळ चालू ठेवते. समोरच्याला प्रत्येक चालीला प्रश्न पडला पाहिजे असं खेळते. प्रश्न पडला की माणूस थांबतो, आणि थांबला की त्याचं घड्याळ खर्च होतं. पहिल्या 30 चालींत प्रतिस्पर्ध्याने प्रत्येक चालीला 15-20 सेकंद जादा घालवली, की पुढे महत्त्वाच्या क्षणी त्याच्याकडे फक्त ती वाढीव 10 सेकंदं उरतात. मग चूक होणारच. तिला नशीब म्हणायचं की आधीपासून लावलेलं खत म्हणायचं?

स्वतः ती सोप्या चालीला वेळ घालवत नाही आणि अवघड ठिकाणी थांबते. बघणाऱ्याला वाटतं पोरगी झपाझप खेळते. मला विचाराल तर हा काटकसरीचा खेळ आहे.

आता तिला कुठे सुधारायचंय

माझ्यासारख्या तीन मिनिटांत वजीर घेऊन हरणाऱ्या माणसाने ग्रँडमास्टरच्या उणिवा काढाव्यात का? पण हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. वर्ल्ड कप जिंकल्यावर, डोळ्यांतलं पाणी वाळायच्या आत, ती मुलाखतीत म्हणाली की मला एंडगेम नक्की शिकायला पाहिजे. डाव सोपा जिंकायला हवा होता, मध्ये कुठेतरी मी तो बिघडवला, अशा अर्थाचं बोलली.

विचार करा. एवढी मोठी स्पर्धा जिंकलीय, आई शेजारी आहे, कॅमेरे समोर आहेत, आणि तुम्ही तुमची चूक सांगताय. आपल्यातला कोण सांगेल?

एंडगेम म्हणजे डावाची अखेर. मोहरी कमी उरलेली, वजीर बहुतेक वेळा गेलेले, हत्ती, राजा आणि प्यादी एवढंच. तिथे कल्पनाशक्तीपेक्षा पद्धत लागते. कोणतं प्यादं आधी पुढे न्यायचं, राजा कुठून आणायचा, हत्ती प्याद्याच्या मागे ठेवायचा की पुढे. हे पाठ असावं लागतं, कारण तिथपर्यंत पोचता पोचता घड्याळात काही उरलेलं नसतं. मधल्या डावात ज्याला मजा येते त्याला एंडगेमचा सराव कंटाळवाणा वाटतो. मलाही वाटतो. म्हणूनच तर हरतो.

फायनलच्या पहिल्या संथ डावातही हेच दिसलं. सुरुवातीलाच तिच्याकडे चांगली स्थिती आली होती, संधी होती, आणि डाव बरोबरीत गेला. संधी तयार करणं तिला जमतं. ती शेवटाला नेणं हे तिचं पुढचं काम आहे, असं माझं मत.

दुसरी गोष्ट मोठ्या विजयानंतरची. सप्टेंबर 2025 मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विसमध्ये तिने महिलांच्या गटात न खेळता खुल्या गटात नाव दिलं, जिथे समोर सगळे तगडे ग्रँडमास्टर. तिथे विश्वविजेत्या गुकेशशी बरोबरी केली. मग नोव्हेंबरमध्ये गोव्यात खुल्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्याच फेरीत ग्रीसच्या स्टामाटिस आर्डिटिसकडून दोन्ही डाव हरून बाहेर पडली. काही लोकांनी लगेच "बघा, एकदाच लागली होती" म्हणायला सुरुवात केली.

मला हे उलटं वाटतं. जिथे आपण हरू शकतो तिथे जाऊन बसणं हाच सुधारणेचा रस्ता आहे. गल्लीतल्या पोरांना हरवून रेटिंग वाढतं, खेळ वाढत नाही. पण हेही खरं की गोव्यासारख्या सामन्यात टायब्रेकच्या आपल्या आवडत्या मैदानापर्यंत पोचायलाच आधी संथ डाव वाचवावे लागतात. वेगाची ताकद वापरायला मिळावी म्हणून संथ, रटाळ स्थिती टिकवून धरणं तिला शिकावं लागेल.

माझा 86 हजारांचा एंडगेम

आता माझं सांगतो. आमचं हार्डवेअर आणि पाईप-फिटिंगचं दुकान. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने एकदम 86 हजारांचा माल उचलला. मी तेव्हा बीबीए करून नुकताच गल्ल्यावर बसलेलो, डोक्यात सगळं सेल्स, टार्गेट आणि ग्रोथ. एवढी मोठी ऑर्डर मी बोलून बोलून, दुसऱ्या दुकानातून ओढून आणली होती. त्या रात्री घरी श्रीखंड नेलं.

चलनावर सही घेतली नाही. पैसे कधी द्यायचे ते तारीख घालून ठरवलं नाही. "बिल निघालं की देतो" एवढ्यावर सोडलं. पहिल्या महिन्यात फोन केला नाही, कारण वाटलं माणूस दुखावेल. तिसऱ्या महिन्यापासून त्याने फोन उचलणं बंद केलं. दोन वर्षांनी निम्म्या पैशांवर तडजोड केली. त्या दोन वर्षांत मी डीलरला उशिरा पैसे देत होतो, त्यामुळे माझी सवलत गेली. वडील काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "माल विकला म्हणजे धंदा झाला असं नसतं. पैसा गल्ल्यात पडला की धंदा."

माझा मधला डाव झकास होता. एंडगेम मला येतच नव्हता.

त्याच वर्षी धारूरच्या बाजूच्या एका ऊसतोड कुटुंबाला मी पत्रे दिले होते. कारखान्यावर जायच्या आधी त्यांनी निम्मे पैसे दिले आणि उरलेले पाडव्याला, असं आम्ही वहीत लिहून दोघांनी सही-अंगठा केला होता. पाडव्याच्या दोन दिवस आधी ते आले आणि 4,200 रुपये मोजून दिले. तारीख ठरलेली होती म्हणून त्यांनाही सोपं गेलं, मलाही. गिऱ्हाईक गरीब की श्रीमंत यावर उधारी वसूल होत नाही. शेवट आधी ठरवलाय का, यावर होते.

आपल्या जिल्ह्यात उधारी बंद करा हा सल्ला मी कधीच देणार नाही. कापूस, सोयाबीन, ऊस यांच्या हंगामावर सगळा बाजार चालतो, उधारीशिवाय दुकान चालणारच नाही. पण आपण गिऱ्हाईक आणायला जेवढा वेळ घालतो त्याच्या चौथा हिस्सा तरी वसुलीच्या पद्धतीला घालतो का? बहुतेक दुकानदार दिव्यासारखे संधी तयार करण्यात पटाईत असतात. फरक एवढाच की तिने "मला शेवट शिकायचाय" हे कबूल केलंय.

या आठवड्याचं काम

बुद्धिबळ खेळत असाल तर हे करा. ऑनलाइन डाव संपला की लगेच दुसरा लावू नका. हरलेला एक डाव उघडा. प्रत्येक चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला होता ते तिथे दिसतं. सगळ्यात जास्त वेळ कोणत्या चालीला गेला आणि ती चाल तेवढ्या लायकीची होती का, एवढंच बघा. मी माझे जुने डाव असे काढून बघितले. वेळ संपून हरलेल्या निम्म्याहून जास्त डावांत मी पुढे होतो. सुरुवातीच्या दहा चालींत, जिथे काहीच अवघड नव्हतं, तिथे मी मिनिट-मिनिट घालवलं होतं. आता रोज एक डाव कमी खेळतो आणि तेवढ्या वेळात हत्ती-प्याद्यांची एक अखेर सोडवतो. रेटिंग अजून वाढलेलं नाही. पण जास्तीचा वजीर घेऊन हरायचं प्रमाण कमी झालंय. परवाचा डाव सोडून.

आणि दुकानदार असाल तर उधारीची वही उघडा. तीन महिन्यांवरची पाच नावं काढा. प्रत्येक नावासमोर लिहा: सही आहे का, तारीख ठरली होती का, शेवटचा फोन कधी केला. ज्याच्यासमोर तिन्ही रकाने रिकामे आहेत तो तुमचा जिंकत आलेला पण हातातून चाललेला डाव आहे. त्याला आजच फोन करा. भांडायला नाही, तारीख ठरवायला.

पुढच्या व्हिडिओत वसुलीचा फोन कसा करायचा, नेमकी वाक्यं काय बोलायची, ते दाखवतो. तोपर्यंत वही भरून ठेवा.

धंदा जपा, नातीही जपा.